नात्याच्या रकान्यात ‘इ’

अब्बांचा हजला नंबर लागला आणि आमच्या घरात आनंदापेक्षा घोरच जास्त शिरला. हजला जायच्या आधी आमच्यात माणूस सगळ्यांच्या दारी जातो. कहा-सुना माफ करा म्हणतो, आणि आपल्याही मनात कुणाबद्दल काही ठेवत नाही. अब्बांनी भावकी केली, शेजारी केले, ज्या साडूशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं त्याच्याही घरी जाऊन चहा पिऊन आले. मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांचा मला फोन आला.

“रजिया, एक नाव राहून गेलंय.”

“कुणाचं?”

“माय.”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी पंचेचाळिशी ओलांडली, पण ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. आम्हा भावंडांना एवढंच माहीत होतं की अब्बा पोरवयाचे असतानाच त्यांचे वालिद वारले, आणि मायचं, म्हणजे बिस्मिल्लाबीचं, मुरुडला दुसरं लगीन लावून दिलं. नव्या नवऱ्याला पोर नको होतं. अब्बा नांदेडजवळ अर्धापूरला त्यांच्या फुफ्फीकडं, म्हणजे आत्याकडं वाढले. फुफ्फी रोज ताटात भाकरीबरोबर एक वाक्य वाढायची, तुझी माय तुला टाकून गेली. भाकरीपेक्षा ते वाक्यच अब्बांच्या अंगी लागलं.

“जिती असंल तर तोंडावर माफ म्हणतो,” अब्बा म्हणाले. “नसंल तर कबरीवर म्हणतो. पण हे वझं घेऊन मला काब्यापुढं उभं राहायचं न्हाई. तू काढ शोधून. तुझ्याकडं त्या याद्या असतात.”

जायला महिनाही राहिला नव्हता. इतकी वर्षं गप्प बसायचं आणि ऐनवेळी लेकीच्या गळ्यात घोंगडं टाकायचं, ही अब्बांची जुनी खोड. मी फोनवर चिडले, आणि ठेवल्यावर रडले.

याद्या माझ्याकडं असतात म्हणजे काय, तर मी लातूरजवळ जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत मराठी, आणि संताप आला की जे आधी तोंडात येईल ते. शिक्षकाला शिकवायचं सोडून बाकी सगळं करावं लागतं, त्यातलं एक म्हणजे बीएलओचं काम. मतदार यादी घेऊन उन्हातान्हात दारोदार हिंडायचं, कोण मेलं, कोण गेलं, कोणाची सून आली ते लिहून घ्यायचं. लोकांना वाटतं आम्हाला उद्योग नाहीत. एकीनं तर मला भांडी विकणारी समजून जुने कपडे आणून दिले होते.

जुन्या याद्या आता मोबाईलवर मिळतात. मी मुरुडच्या, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या याद्या उघडल्या. पानं तिरकी, शाई उडालेली, आणि ज्याला सवय नाही त्याला सगळी गूढ अक्षरं. नावापुढं नात्याचा रकाना असतो, त्यात एकच अक्षर. व म्हणजे वडील, प म्हणजे पती, आ म्हणजे आई, आणि ह्यातलं काहीच नसलं की इ, म्हणजे इतर. नाव कमी केलेलं असलं की त्यावर इंग्रजी अक्षर. ई म्हणजे मयत, एस म्हणजे दुसरीकडं राहायला गेला, आर म्हणजे दुबार. मला ही अक्षरं पोरांच्या हजेरीसारखी पाठ आहेत.

अब्बांना मायच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव तेवढं ठाऊक होतं. महेबूब, टांगा चालवायचा. मी बिस्मिल्लाबी महेबूब शोधायला लागले. एसटीत शोधायचे, पेपर तपासता तपासता शोधायचे, कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या आणि डाळीचा गाळ व्हायचा. माझी लेक तूबा म्हणाली, “अम्मी, तू आता मुरुडच्या लोकांची नावं झोपेत घेतेस.” नांदेडहून माझा धाकटा भाऊ अकरम फोन करून वर टोमणे मारायचा. “आपा, सापडली का म्हातारी? का मतदान करायला गेलीय?” अर्धापूर सोडल्यापासून अब्बा राहायचे त्याच्याचकडं. ते दिवसातून चारदा फोन करायचे आणि एकच शब्द विचारायचे, “काही?” नाही म्हणलं की लगेच ठेवायचे. माझ्या जिवाची नुसती उलघाल. हज अब्बांची, आणि पाय माझे थाऱ्यावर नाहीत.

एक घर सापडलं होतं. दोन भाऊ, दोघांच्याही वडिलांचं नाव महेबूब, त्यांच्या बायका, आणि शेवटी एक ओळ, बिस्मिल्लाबी खाजा. महेबूबचं नाव यादीत नव्हतं, म्हणजे तो आधीच गेला असणार. त्या ओळीवरून मी किती वेळा पुढं गेले असेन. आपल्याकडं बाईच्या नावामागं दुसरं नाव आलं की तो नवराच, ह्यात विचार कशाला करायचा. ही कुण्या खाजाची बायको, घरातलीच कुणी जाऊ-बिऊ, असं धरून मी पान उलटायचे. अब्बांचं नाव खाजा आहे हे काय मला माहीत नव्हतं? पण खाजा काय, आमच्याकडं गल्लीत हाक मारली तर चार जण वळून बघतात.

मग एक दिवस माझ्याच भागात नाव-नोंदणीला हिंडत होते. बुद्धनगरात पंचफुलाआजी एकटीच ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. म्हणलं, आजी, नवऱ्याचं नाव सांगा.

आजी लाजली. तोंडाला पदर लावला. “आता ह्या वयात नाव घ्यायला लावती का मला? सून असती तर तिनं सांगितलं असतं.”

“मग काय लिहू? रकाना मोकळा ठेवता येत न्हाई.”

“निवृत्तीची माय लिही की. सगळी वळखत्यात.”

मी हसले. तिच्या कार्डावर नवऱ्याचं नाव असणार हे कळत होतं, पण आत जाऊन कार्ड आणायला ती काही उठेना. म्हणून मी कच्च्या कागदावर पेन्सिलीनं निवृत्ती लिहिलं. निवृत्ती तिचा वडील नाही, नवरा नाही, आई नाही. म्हणून नात्याच्या रकान्यात सवयीनं इ टाकला. आणि माझा हात थांबला.

तिथंच ओट्यावर बसून मोबाईल काढला. आजी म्हणाली, काय झालं बाई, पाणी देऊ का. मुरुडचं ते पान उघडलं, बोटांनी मोठं केलं. बिस्मिल्लाबी. नात्याच्या रकान्यात प नव्हता. इ होता. पुढं खाजा. वय बासष्ट.

दोन नवरे झालेली बाई. यादी लिहिणारा दारात आला, कुणाची कोण म्हणून विचारलं, तर तिनं पहिल्याचं नाव घेतलं नाही, दुसऱ्याचं घेतलं नाही. ज्याला सोडून आली त्या पोराचं घेतलं. घरात सावत्र पोरं जेवायला बसलेली असतील, त्यांच्यादेखत तिनं सांगितलं असेल, खाजाची माय लिहा.

तिच्या ओळीवर आडवं इंग्रजी अक्षर होतं. एस. म्हणजे मेली नव्हती, दुसरीकडं राहायला गेली होती.

अब्बांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खाजे लई असतात.” आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला हजर. अंगात नवा पांढरा कुर्ता, लोकांनी हजसाठी दिलेला, आणि डोळ्यांखाली काळं. नाश्ता केला नाही, चहा अर्धा ठेवला. मुरुडची एसटी लागेपर्यंत स्टँडवर नुसते येरझारा घालत राहिले. मी म्हणलं, बसा की जरा. ते म्हणाले, तू बस.

मुरुडला महेबूबचं घर विकलं गेलं होतं, सावत्र पोरं पुण्याकडं गेलेली. समोर बसलिंगप्पांचं किराणा दुकान होतं. म्हातारा माणूस, कपाळाला भस्म, गल्ल्यावर नातू आणि स्वतः पोत्यावर. मी बिस्मिल्लाबीचं नाव काढलं तसा त्यांचा चेहरा उजळला.

“टांगेवाल्याची बिस्मिल्ला? ती लेकाकडं गेली की. लई वरसं झाली. महेबूब गेला, पोरांनी घर इकायला काढलं, तवा मीच म्हणलं, आता कुठं जाशील? तर म्हणली, मला काय काळजी, माझा ल्योक हाय, त्यानं बोलावलंय. मी सोता तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं.”

अब्बा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, “लेकाचं काही सांगायची का?”

“सांगायची का म्हणता? दुसरं काय बोलायचीच न्हाई. अर्धापूरला हाय, केळीच्या वखारीत मुकादम हाय, मानसं त्याचं ऐकत्यात. त्याला पोरं किती, नावं काय, सगळं पाठ. तिकडचं केळीवालं कुणी बाजाराला आलं की त्यालाच धरून बसायची.” मग त्यांनी अब्बांकडं नीट बघितलं. “तुम्ही कोन म्हणायचे?”

अब्बा म्हणाले, “असाच. ओळखीचा.”

परतीच्या गाडीत अब्बा तापले. “म्हंजे माझ्या नावावर गावाला फसवलं तिनं. मी कवा बोलावलं होतं? आली का ती माझ्याकडं? आली असती तर मला दिसली नसती?”

मीही तापले. म्हणलं, “अब्बा, ती तिथं तुमची पोरं मोजत बसली होती. तुम्ही एकदा तरी मुरुडची गाडी धरली का?” आजूबाजूचे लोक बघायला लागले. अब्बांनी तोंड खिडकीकडं केलं. उन्हाची झळ सरळ तोंडावर येत होती तरी काच ओढली नाही.

पण त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. आली का ती. जी बाई सरकारच्या कागदावर खाजाची माय होऊन राहिली, ती मुरुड सोडल्यावर दुसऱ्या कुठल्या गावाला जाईल? आणि आम्ही सगळं मुरुड पालथं घातलं होतं, पण अर्धापूरच्या, आमच्या स्वतःच्या मोहल्ल्याच्या यादीत बघितलं नव्हतं. अब्बांना ती तिथं असणं शक्यच वाटत नव्हतं, आणि मी त्यांच्यावर विसंबले.

पंचशीला म्हणून माझी डी.एड.ची मैत्रीण अर्धापूरला बीएलओ आहे. तिला म्हणलं, तुझ्याकडच्या जुन्या याद्या बघ, बिस्मिल्लाबी, नात्यात इ. ती म्हणाली, तुला उन्हात काही झालंय का गं. पण दुपारी तिनं पानाचा फोटो पाठवला. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. वरच्या अर्ध्या पानात अब्बा, अम्मी, अकरम. त्याच पानावर खाली, बिस्मिल्लाबी, इ, खाजा. पत्ता शिवकुमारची वखार, मागची खोली. नावावर आडवं इंग्रजी अक्षर ई, म्हणजे मयत.

मी मुख्याध्यापकांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, कारण सांगितलं नाही, आणि नांदेडची गाडी धरली. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. सगळ्या रस्त्यानं मला एकच भीती, की अब्बा म्हणतील, खाजे लई असतात.

घरात हजच्या मुबारकबादीला आलेली माणसं बसली होती, अब्बांच्या गळ्यात हार, सगळ्यांच्या हातात पेढे. मी अब्बांना आतल्या खोलीत नेलं आणि मोबाईल हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. आधी स्वतःचं नाव वाचलं, मग अम्मीचं. अम्मी जाऊन चार वर्षं झाली, तिच्या नावावर त्यांचं बोट थोडं थांबलं. मग खाली आले.

“शिवकुमारची वखार,” ते म्हणाले. “मागची खोली. तिथं तर मुरुडवाली राहायची.”

“कोण मुरुडवाली?”

“एक बुढी होती. वखार झाडायची. नाव कुणालाच ठाव नव्हतं, मुरुडवालीच म्हणायचे सगळे.”

ते कॉटवर बसले. अकरम दारात आला, त्यालाही आठवली ती. म्हणाला, मला बघितलं की हातातलं काम टाकून बघतच राहायची, मला अकरमबाबा म्हणायची. अब्बांनी त्याला हातानं गप्प केलं.

“अब्बा, ती तुमच्याशी कधी काही बोलली नाही?”

“बोलायची. जेवलास का म्हणायची. रोज.” त्यांनी चष्मा काढला. “आली त्या साली, एकदा. वखारीत केळीची घडं उतरवून आम्ही बसलो होतो. म्हणली, बाबा, तुझी माय कुठं असती? मी म्हणलं, मेली.”

खोलीत आम्ही तिघंच. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

“एवढंच म्हणलात?”

“न्हाई. म्हणलं, मेली ती. बरं झालं मेली.”

“मग ती काय म्हणाली?”

“काही न्हाई. झाडू उचलला अन् झाडायला लागली.” थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “मग किती वरसं राहिली ती तिथं. गेली न्हाई कुठं. मेल्यावरच गेली.”

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना. मी फक्त त्यांचा हात धरला.

पाहुण्यांना कसंबसं वाटेला लावून अकरमच्या ऑटोत आम्ही अर्धापूरला गेलो. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे, आणि अब्बा मागच्या सीटवर पुढं वाकून बसलेले. रस्ता त्यांच्या पायाखालचा, तरी दर वळणाला विचारायचे, आलं का? वखार बंद पडलेली होती, शिवकुमारशेठ वारलेले. अब्बा तिथं उतरले नाहीत. म्हणाले, कब्रस्तानात चल.

मला वाटलं होतं कबर शोधायला वेळ लागेल, कुणाला तरी विचारावं लागेल. अब्बा सरळ चालत गेले. लिंबाच्या पलीकडं, भिंतीच्या कडेला, एका बसक्या मातीच्या उंचवट्याजवळ थांबले. वर दगड नाही, नाव नाही, नुसतं वाळलेलं गवत.

“तुम्हाला कसं ठाऊक?” अकरमनं विचारलं.

“मय्यतीला मी होतो ना.”

मी म्हणलं, “म्हणजे खांदा तरी दिलात, अब्बा. अल्लानं तेवढं तरी करवून घेतलं तुमच्याकडून.” मला त्यांना धीर द्यायचा होता. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

“खांदा साऱ्या मोहल्ल्यानं दिला. त्याचं काय.” ते म्हणाले. “बाईमाणसाला कबरीत उतरवायला तिचाच माणूस लागतो. बेटा, भाऊ, कुणी महरम. इमामसाब कबरीपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणले, बुढीचा बेटा हाय का कुणी? भाऊ हाय का? सगळे एकमेकाकडं बघून राहिले. मी सगळ्यात पुढं होतो, रजिया. अगदी कडेला. मला वाटलं माझ्यामुळं तिच्या माणसाला वाट मिळंना. म्हणून मी मागं सरलो.”

अकरम लिंबाकडं तोंड करून उभा राहिला.

“मग परक्या माणसांनी उतरवलं तिला,” अब्बा म्हणाले. “अन् मी माफ करायला निघालो होतो.”

मला रडू आवरेना. त्यांच्याजवळ जावं म्हणून पाऊल टाकलं, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. चपला काढल्या. दिवसभराच्या उन्हानं माती अजून तापलेली, तरी अनवाणी कबरीच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं, भिंतीपलीकडं एक शेळी तेवढी चरत होती. अब्बांनी टोपी नीट केली, आणि इमामसाब समोरच उभे असावेत तशा मोठ्या आवाजात म्हणाले,

“हाव. हाय. मी बेटा हाय हिचा.”